गरिबीचा हक्क मागणारी क्लारा

जुन्या गोव्याला जाऊन आलेल्या भगिनींना संत फ्रान्सिस म्हटले की बॉम जेझूच्या चर्चमधले संत फ्रान्सिस झेवियर आठवतात. पण त्याच रस्त्याच्या पलीकडे आणखी एका फ्रान्सिसचे चर्च आहे, ते असीसीच्या संत फ्रान्सिसचे. हे झेवियरच्या आधी सुमारे तीनशे वर्षे इटलीत होऊन गेले. जाडाभरडा झगा आणि कमरेला दोरी असा वेष असलेले त्यांच्या पंथाचे साधू १५१७ साली गोव्यात आले. फ्रान्सिसांचे नाव पुष्कळांनी ऐकलेले असते. पण त्यांच्याच गावात, त्यांच्याच काळात एक बाई होऊन गेली. तिने गरिबीचे व्रत त्यांच्याइतक्याच नेटाने सांभाळले, आणि ते सांभाळू द्यावे म्हणून तिला एकामागून एक आलेल्या पोपमहाराजांशी आयुष्यभर झगडावे लागले. तिचे नाव क्लारा. तिची हकीगत आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही, म्हणून येथे देत आहे.

इटली देशाच्या मध्यभागी उंब्रिया नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथे एका टेकडीच्या उतरणीवर असीसी हे तटबंदीचे गाव. ११९३-९४ च्या सुमारास तेथील एका सरदार घराण्यात क्लाराचा जन्म झाला. वडिलांचे नाव फावारोने, आईचे ओर्तोलाना. आई मोठी धर्मशील. त्या काळी समुद्र ओलांडून ती ख्रिस्ताच्या जन्मभूमीची यात्रा करून आली होती. बाळंतपण सुखरूप व्हावे म्हणून ती प्रार्थना करीत असता, तुझ्या पोटी जगाला उजेड देणारे मूल येईल, असा तिला दृष्टान्त झाला अशी कथा आहे. म्हणून मुलीचे नाव क्लारा ठेवले. क्लारा म्हणजे उजळ. आपल्याकडे प्रभा किंवा उज्ज्वला ठेवतात तसेच.

घरी कशाची वाण नव्हती. पण गावात शांतता नव्हती. सरदार लोक आणि व्यापारी-कारागीर यांचे हाडवैर होते. ११९८ च्या सुमारास गावकऱ्यांनी उठाव करून सरदारांचे वाडे पाडले, तेव्हा क्लाराच्या घरच्यांना शेजारच्या पेरुजा गावी आश्रय घ्यावा लागला. पुढे १२०२ साली दोन्ही गावांची लढाई झाली. त्या लढाईत असीसीच्या बाजूने लढताना एका कापडव्यापाऱ्याचा मुलगा कैद झाला आणि पेरुजाच्या तुरुंगात पडला. तोच पुढे संत फ्रान्सिस झाला. म्हणजे या दोघांची घरे एकमेकांच्या वैऱ्यांची होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

फ्रान्सिसांनी १२०६ साली बिशपसमोर अंगावरचे कपडेसुद्धा वडिलांना परत करून टाकले, आणि ते पडकी देवळे दुरुस्त करू लागले, महारोग्यांची सेवा करू लागले. गावातले लोक आधी त्यांना वेडा म्हणत, दगड मारीत. मग हळूहळू काही माणसे त्यांना येऊन मिळाली. क्लाराचे घरचे लोक तोपर्यंत असीसीला परतले होते. तिने त्यांचा उपदेश ऐकला आणि तिचे मन तेथेच गुंतले. घरातल्या पक्वान्नातला आपला वाटा ती गुपचूप गरिबांकडे पाठवी. लग्नाची बोलणी चालली होती. रानिएरी नावाच्या एका गृहस्थाने तिला पुष्कळदा मागणी घातली होती, तर ती उलट त्यालाच संसाराच्या असारतेवर चार शब्द ऐकवी. याच रानिएरीने ती वारल्यावर चौकशीत तिच्या सद्गुणांची साक्ष दिली. नकार मिळालेल्या माणसाने इतक्या वर्षांनी चांगले बोलावे, हे मला विशेष वाटते.

१२१२ साल. ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार. सगळ्या मुली नटूनथटून बिशपच्या हातून झावळी घ्यायला पुढे गेल्या, क्लारा मात्र जागच्या जागी उभी राहिली. तेव्हा बिशप स्वतः पायऱ्या उतरून आले आणि त्यांनी तिच्या हाती झावळी दिली. त्याच रात्री तिने घर सोडले. पुढच्या दाराला पहारा, म्हणून ती दुसऱ्या एका दाराकडे गेली. ते दार लाकडाचे ओंडके आणि दगड रचून बंद केलेले होते. अठरा वर्षांच्या मुलीने ते आपल्या हातांनी बाजूला केले. सकाळी घरच्यांनी ते पाहिले तेव्हा त्यांना खरे वाटेना.

गावाबाहेर सपाटीवर फ्रान्सिस आणि त्यांचे साथी मशाली घेऊन वाट पाहत होते. तेथल्या लहानशा देवळात फ्रान्सिसांनी तिचे केस कापले, आणि रेशमी वस्त्रे टाकून तिने जाडेभरडे वस्त्र घेतले. साधूंच्या वस्तीत बाईमाणसाला ठेवता येत नव्हते, म्हणून तिला जवळच्या एका मठात पोचवले. घरचे लोक तेथे धावून आले. गोड बोलून पाहिले, धमकावून पाहिले. तिने वेदीवरचे वस्त्र घट्ट धरले आणि डोक्यावरचे कापड दूर करून कापलेले केस दाखवले. तेव्हा ते समजले, की मुलगी आता परत यायची नाही.

एवढ्यावर भागले नाही. सोळा दिवसांनी धाकटी बहीण कॅथरीनही तिच्याकडे पळून आली. तेव्हा काका मोनाल्दो बारा माणसे घेऊन आला आणि त्या कोवळ्या मुलीला केसांना धरून डोंगरावरून फरफटत नेऊ लागला. वाटेत ती इतकी जड झाली की बारा जणांना उचलेना, आणि मारायला उगारलेला काकाचा हात दुखू लागून वर तसाच राहिला, अशी कथा सांगतात. तेवढ्यात क्लारा येऊन पोचली आणि बहीण सुटली. तिचे नाव पुढे आग्नेस ठेवले.

क्लाराच्या वाट्याला वडिलोपार्जित मालमत्तेचा हिस्सा आला होता. तो तिने विकून टाकला आणि सगळे पैसे गरिबांना वाटले. नातेवाईक तो हिस्सा विकत घ्यायला तयार होते, दुसऱ्यांपेक्षा जास्त किंमतही देत होते. पण तिने तो त्यांना दिला नाही. गरिबांना त्यांचा पैसा पुरता मिळावा, मध्ये लबाडी होऊ नये, हे तिचे कारण. मुलगी साधी होती, पण व्यवहारात कच्ची नव्हती.

फ्रान्सिसांनी स्वतःच्या हातांनी दुरुस्त केलेले सान दामियानो नावाचे एक लहान देऊळ गावकुसाबाहेर उतारावर होते. तेथे या बहिणी राहू लागल्या. हळूहळू त्या पन्नासांवर गेल्या. पुढे खुद्द आई ओर्तोलाना आणि धाकटी बहीण बेआत्रीचेही तेथेच आल्या. फ्रान्सिसांच्या आग्रहाने क्लारांनी मठाधिकारिणीचे पद घेतले, पण पद घेऊन त्या वर बसल्या नाहीत. बाहेरची कामे करून आलेल्या भगिनींचे पाय त्या स्वतः धूत. आजारी भगिनींचे घाण काम स्वतः करीत. थंडीच्या रात्री उठून कोणाचे पांघरूण सरकले आहे का ते पाहत. स्वतः मात्र द्राक्षवेलीच्या काटक्यांवर निजत आणि आठवड्यातून तीन दिवस काहीच खात नसत. शेवटी फ्रान्सिस आणि बिशप यांनी रोज थोडासा तरी पाव खाल्लाच पाहिजे अशी आज्ञा केली. अति उपासाने त्यांची प्रकृती कायमची खालावली, हे कबूल केले पाहिजे. पुढे त्यांनी दुसऱ्या एका मठातील भगिनीला उपास बेताने करावेत असाच सल्ला लिहून पाठवला.

आता मुख्य गोष्ट सांगते. त्या काळी बायकांचे मठ कमी नव्हते. पण मठात जायचे तर मुलीबरोबर हुंड्यासारखी रक्कम किंवा जमीन द्यावी लागे. मठांच्या मालकीची शेते, द्राक्षमळे, गिरण्या असत. कुळे येत, खंड येई, त्यावर मठ चाले. साहजिकच तेथे श्रीमंतांच्याच मुली जात. एकदा जमीन आली की मुनीम आला, वसुली आली, कोर्टकचेरी आली. क्लारांना हे नको होते. एकेकटीने गरीब राहायचे आणि मठ मात्र श्रीमंत, हे सोंग त्यांना मान्य नव्हते. मठाच्या नावावरसुद्धा काही असू नये. हाताने काम करावे, सूत काढावे, शिवावे, आणि कमी पडेल ते फ्रान्सिसांचे साधू दारोदार मागून आणतील त्यावर भागवावे. आपल्याकडे त्याच शतकात चक्रधरस्वामींच्या अनुयायांनीही भिक्षेवरच राहण्याचे व्रत घेतले होते. त्यांना इटलीची वार्ता नव्हती, आणि इटलीला त्यांची.

चर्चचे वडीलधारे यामुळे चिंतेत पडले. पुरुष साधू गावोगाव हिंडून मागू शकतात. या बायका तर मठाच्या भिंतीबाहेर पडत नाहीत. साधू आले नाहीत, दुष्काळ पडला, लढाई पेटली, तर पन्नास बायकांनी काय खावे? हा प्रश्न काही खोटा नव्हता. घरात महिनाअखेरीला पिठाचा डबा खडखडला म्हणजे काय होते ते आपण जाणतोच. त्यामुळे पोपमहाराज दुष्टपणाने काही करीत होते असे मला मुळीच वाटत नाही. ते काळजीनेच करीत होते. पण काळजीनेच माणसाची एखादी गोष्ट काढून घेतली जाते, आणि मग तिला नाही म्हणणे फार जड जाते.

१२१५ साली धर्मपरिषदेत ठरले, की कोणी नवी नियमावली काढू नये, जुन्यांपैकी एक घ्यावी. त्यामुळे क्लारांना संत बेनेडिक्टची जुनी नियमावली पत्करावी लागली. कार्डिनल उगोलिनो यांनी बायकांच्या या मठांसाठी आणखी नियम करून दिले, पण त्यात गरिबीचे नाव नव्हते. १२२६ साली फ्रान्सिस वारले. त्यांचे शव असीसीला नेताना वाटेत सान दामियानोला थांबवले, तेव्हा भगिनींना शेवटचे दर्शन झाले. आता क्लारांना बाहेरचा आधार उरला नाही.

उगोलिनो १२२७ साली पोप झाले, नाव नववे ग्रेगरी. ते क्लारांना फार मानीत. १२२८ साली फ्रान्सिसांना संतपद देण्यासाठी ते असीसीला आले, तेव्हा सान दामियानोला गेले. काळ वाईट आहे, थोडी मालमत्ता घ्या, मी स्वतः देतो, असे त्यांनी समजावले. व्रताची अडचण वाटत असेल तर व्रतातून मोकळे करतो, असेही सांगितले. क्लारांनी नम्रपणे उत्तर दिले, की माझ्या पापांतून मला मोकळे करा, पण ख्रिस्ताच्या मागे जाण्यातून मोकळे करू नका. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला पोपनी त्यांना लेखी हक्क दिला, की या मठाला मालमत्ता घेण्याची सक्ती कोणी करू शकणार नाही. राजे, सरदार, मठ हे सगळे पोपकडे हक्क मागायला येत, ते जमिनीचे, करमाफीचे. काही नसण्याचा हक्क मागायला बहुधा कोणी आलेच नव्हते.

दोन वर्षांनी दुसरा पेच आला. १२३० साली पोपनी हुकूम काढला, की त्यांच्या परवानगीवाचून फ्रान्सिसांच्या साधूंनी बायकांच्या मठात जाऊ नये. म्हणजे उपदेश करणारे साधू बंद, भिक्षा आणणारे मात्र चालू. क्लारांनी काय केले? भिक्षा आणणाऱ्या साधूंनाही परत पाठवले. आत्म्याला अन्न देणारे येत नसतील तर पोटाला अन्न देणारेही नकोत, असे त्यांचे म्हणणे. पन्नास बायकांच्या पोटाचा प्रश्न होता. पोपच्या कानावर गेले आणि हुकूम सैल झाला. आपल्याकडे उपोषणाचे सामर्थ्य पुढे सगळ्यांनी पाहिले. या बाईंनी जवळजवळ आठशे वर्षांपूर्वी तेच केले, आणि आवाजसुद्धा चढवला नाही.

मठातल्या दिवसांच्या कथा पुष्कळ आहेत. एकदा एकच पाव शिल्लक होता. अर्धा साधूंना देऊन उरलेल्या अर्ध्याचे त्यांनी पन्नास तुकडे करायला सांगितले, आणि सगळ्यांना पुरले. एकदा तेल संपले, म्हणून त्यांनी बुधली धुऊन भिक्षेकरी साधूसाठी भिंतीवर ठेवली. साधू येऊन पाहतो तो बुधली भरलेली. या बायकांनी आपली उगाच चेष्टा केली, असे वाटून तो रागावला म्हणे. चमत्कार मानायचा की नाही ते ज्याचे त्याने पाहावे. रिकामी बुधली धुऊन ठेवणारी बाई मात्र मला ओळखीची वाटते.

१२२४ पासून क्लारा आजारीच होत्या. जवळजवळ तीस वर्षे. बिछान्यात पाठीला आधार देऊन त्यांना बसवीत, आणि त्या बारीक सूत काढीत. त्या सुताची वेदीवर अंथरायची शुभ्र वस्त्रे करून असीसीच्या आसपासच्या देवळांना पाठवली जात. एका नाताळच्या रात्री त्यांना उठवेना आणि सगळ्या भगिनी प्रार्थनेला गेल्या, तेव्हा एकटीने पडल्या पडल्या त्यांना दूरच्या देवळातली मिस्सा दिसली आणि ऐकू आली. या कथेवरून १९५८ साली पोप बारावे पायस यांनी त्यांना दूरचित्रवाणीची रक्षक संत ठरवले. जिच्या मठात दुसरे बूटही नसत तिच्या वाट्याला हे यावे, ही गंमतच आहे.

१२४० साली सम्राट फ्रेडरिकचे भाडोत्री सैनिक मठाची भिंत चढून आत आले. भगिनी रडू लागल्या. क्लारांना चालवत नव्हते. त्यांनी स्वतःला दारापाशी नेववले, ख्रिस्तप्रसादाची पेटी आणवली आणि जमिनीवर पडून प्रार्थना केली. सैनिक कोणाला न शिवता निघून गेले. चित्रांत त्या पेटी उंच धरून सैनिकांसमोर उभ्या दाखवतात. साक्षीदार भगिनींनी सांगितले ते असे नव्हते. दुखणाईत बाई जमिनीला डोके टेकून होती.

त्यांचे नाव दूरदेशी गेले. बोहेमियाच्या राजाची मुलगी आग्नेस हिला खुद्द सम्राट फ्रेडरिकने मागणी घातली होती. ती नाकारून ती १२३४ साली प्राग शहरात क्लारांच्या पद्धतीने राहू लागली. तिला क्लारांनी लिहिलेली चार पत्रे आज उपलब्ध आहेत. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत.

१२४७ साली नव्या पोपनी, चौथे इनोसंट यांनी, बायकांच्या मठांसाठी नवी नियमावली काढली, आणि तीत मालमत्तेला मोकळीक होती. ग्रेगरींनी दिलेला हक्क एका मठापुरता होता, तो पुढे कोण मानणार? क्लारांनी ओळखले, की आता आपणच लिहिले पाहिजे. त्या आधी कोणा बाईने बायकांच्या मठाची नियमावली लिहून पोपची मान्यता घेतलेली नव्हती.

ही नियमावली वाचण्यासारखी आहे. आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीने तर अवश्य. अधिकारिणी सगळ्यांनी निवडायची, आणि ती योग्य नाही असे दिसले तर दुसरी निवडायची. आठवड्यातून निदान एकदा सर्व भगिनींची सभा घ्यायची आणि सगळ्यांचे मत विचारायचे, कारण पुष्कळदा चांगला विचार सर्वांत लहानीला सुचतो. मोठे कर्ज सगळ्यांच्या संमतीवाचून काढायचे नाही. घरून कोणाला काही वस्तू आली तर ती तिला द्यायची, तिला नको असेल तर जिला गरज आहे तिला द्यायची. येणाऱ्या मुलीने आपले असेल ते विकून गरिबांना द्यावे, ते जमले नाही तर तिची इच्छाही पुरे. मठाला जमीन नको, फक्त आडोशापुरती आणि भगिनींच्या भाजीपाल्यापुरती चालेल. आजाऱ्यांना मात्र गवताची गादी, पिसांची उशी, लागेल ते द्यावे. म्हणजे स्वतः काटक्यांवर निजणाऱ्या बाईंनी दुसऱ्यांना काटक्या लावल्या नाहीत.

येथे माझे मत सांगते. गरिबी ही काही गोड गोष्ट नाही. जिच्या घरी पोरे उपाशी निजतात तिला गरिबीचे गोडवे सांगू नयेत. क्लारांनीही तसे सांगितले नाही. त्यांनी आपले होते ते अशांनाच वाटून टाकले आणि आपण त्यांच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

१२५२ च्या सप्टेंबरात कार्डिनल रायनाल्दो यांनी नियमावलीला संमती दिली. पण क्लारांना पोपची मोहर हवी होती, कारण कार्डिनलचा शब्द पुढचा कार्डिनल फिरवू शकतो. १२५३ चा उन्हाळा आला. त्या आता अगदी शेवटच्या दुखण्यात होत्या. बहीण आग्नेस बरीच वर्षे फ्लॉरेन्सजवळच्या मठात होती, ती येऊन बसली. पोप इनोसंट स्वतः त्यांना पाहायला आले. ९ ऑगस्टला मंजुरीपत्र निघाले. एरवी वर्षानुवर्षे लागणारे काम, पण पोपनी आपल्या हाताने वर शेरा लिहून ते लवकर करवले. १० ऑगस्टला पत्र सान दामियानोला पोचले आणि ११ ऑगस्टला क्लारांनी प्राण सोडला. मागितलेली गोष्ट एक दिवस त्यांच्या हातात होती.

अंत्यविधीला पोप हजर होते. मृतांच्या प्रार्थनेऐवजी संतांची प्रार्थना म्हणावी असे त्यांच्या मनात आले, पण कार्डिनल रायनाल्दोंनी थोडे थांबायला सुचवले. तेच रायनाल्दो पुढे चौथे अलेक्झांडर या नावाने पोप झाले आणि १२५५ साली त्यांनीच क्लारांना संतपद दिले.

त्यांच्या मागे काय झाले ते थोडक्यात सांगते. १२६३ साली पोप चौथे अर्बन यांनी पंथाला संत क्लाराचे नाव दिले, पण नियमावली नवी दिली, आणि तीत मालमत्तेला परवानगी होती. बहुतेक मठांनी तीच घेतली. पंधराव्या शतकात फ्रान्समध्ये कोलेत नावाच्या एका सुताराच्या मुलीने हिंडून अनेक मठांत क्लारांची जुनी शिस्त परत आणली. आजही या पंथाच्या भगिनी अनेक देशांत आहेत. आपल्या देशात केरळात क्लारेच्या नावाने चालणाऱ्या एका संघातील भगिनी आल्फोन्सा यांना २००८ साली संतपद मिळाले.

क्लारांचे ते मंजुरीपत्र मात्र कितीतरी शतके कोणाला सापडत नव्हते. १८९३ साली असीसीच्या मठातल्या भगिनींनी त्यांची जपून ठेवलेली जुनी वस्त्रे उलगडली, तेव्हा ते त्यांच्या घडीत निघाले. कोणीतरी त्यावर लिहून ठेवले आहे, की क्लारांनी हा कागद हातात घेऊन पुनःपुन्हा त्याचे चुंबन घेतले.